जागा झालेला तोच का?

बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात झोपेवरचा एक प्रयोग नोंदलेला आहे. काशीचा राजा अजातशत्रू आणि विद्येचा ताठा असलेला गार्ग्य बालाकी असे दोघं एका गाढ झोपलेल्या माणसापाशी जातात. राजा त्याला मोठमोठ्या गौरवाच्या नावांनी हाका मारतो. तो उठत नाही. मग राजा त्याला हाताने हलवतो आणि तो उठून बसतो. तेव्हा राजा गार्ग्याला विचारतो: हा झोपला होता तेव्हा याच्यातला जाणणारा कुठे होता, आणि आता तो आला कुठून? गार्ग्याला उत्तर देता येत नाही.

राजा पुढे स्वतःच उत्तर देतो, पण प्रश्नाचा दुसरा पदर शिल्लक राहतो. झोपण्यापूर्वीचा आणि उठल्यानंतरचा माणूस एकच, हे कशावरून? वेदान्ती, नैयायिक, बौद्ध आणि फार पुढे युरोपातले तत्त्वज्ञ या सगळ्यांनी त्यावर वाद घातले. गेल्या काही दशकांत हाच प्रश्न एका वेगळ्याच जागी रोजचा होऊन बसला आहे: लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर.

तक्रार ठरलेली असते. रात्री झाकण लावून ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडला. पडदा उजळला. अर्धवट लिहिलेलं पत्र जिथे सोडलं होतं तिथेच आहे, कर्सर त्याच शब्दापाशी लुकलुकतो आहे. पण वायफाय नाही. कधी आजूबाजूची नेटवर्कच दिसत नाहीत. कधी 'कनेक्टेड' असं लिहून येतं आणि एकही पान उघडत नाही. कधी नेहमीचा पासवर्ड असूनही जोडणी होत नाही. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. यंत्र तेच, पासवर्ड तोच, राउटर त्याच फळीवर. आठवण पूर्ण शाबूत आणि तरी ओळख तुटलेली. आठवण टिकली म्हणजे माणूस टिकला, असं मानणाऱ्या प्रत्येक विचाराने या बिघाडापाशी थोडं थांबायला हवं.

यंत्राच्या झोपेचे नियम लेखी आहेत. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी 'एसीपीआय' नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्यात संगणकाच्या अवस्थांना क्रमांक दिले आहेत. 'एस 0' म्हणजे पूर्ण जागा. 'एस 3' म्हणजे ज्याला स्लीप किंवा स्टँडबाय म्हणतात ती अवस्था: प्रोसेसर बंद, पडदा बंद, बहुतेक भाग बंद, फक्त रॅमला वीज. 'एस 4' म्हणजे हायबरनेशन: रॅममधलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवायचं आणि वीज जवळजवळ पूर्ण तोडायची. यंत्राच्या प्रत्येक अवयवालाही स्वतंत्र अवस्था आहेत, 'डी 0' पासून 'डी 3' पर्यंत. वायफाय कार्ड 'डी 3' मध्ये गेलं की ते झोपलं.

स्टँडबायमध्ये रॅम नेमकं काय करते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. लॅपटॉप झोपलेला असतानाही हे काम थांबत नाही. रॅमची चिप ते स्वतःच करत राहते. या हिशोबाने आठ तासांच्या झोपेत ते अर्धवट पत्र सुमारे साडेचार लाख वेळा पुन्हा लिहिलं जातं. वरून पाहणाऱ्याला ते पत्र नुसतं पडून राहिल्यासारखं वाटतं. आत मात्र क्षणाक्षणाला जुनं विरत असतं आणि त्याच्या जागी तसंच नवं उभं राहत असतं.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला असंच काहीसं विचारतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एक म्हणावी तर तेल आणि वात क्षणोक्षणी वेगळी. वेगळी म्हणावी तर दिवा रात्रभर तोच. नागसेनाचं उत्तर असं की ती ज्योत तीही नाही आणि दुसरीही नाही. एक प्रवाह आहे, एक गेलं की त्याच्या आधाराने दुसरं येतं. बौद्धांचा क्षणभंगवाद पुढच्या काळात यापेक्षा पुष्कळ सूक्ष्म झाला, पण स्टँडबायमधल्या रॅमचं वर्णन नागसेनाच्या या उत्तराइतकं नेमकं क्वचितच सापडेल.

हायबरनेशनची गोष्ट वेगळी. तिथे प्रवाहच तुटतो. रॅमची वीज गेली की काही क्षणांत तिच्यातलं सगळं नाहीसं होतं. उरते ती डिस्कवरची नोंद. सकाळी बटण दाबलं की यंत्र आरंभापासून सुरू होतं, ती फाइल सापडते आणि रॅम पुन्हा भरली जाते. आता तुटलेल्या प्रवाहानंतर जागा झालेला तोच कसा, हा प्रश्न नागसेनाच्या ज्योतीने सुटत नाही. त्याला शंकराचार्यांकडे जावं लागतं.

ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादाचं नववं सूत्र याच प्रश्नावर आहे. गाढ झोपेत जीव सत्‌तत्त्वाशी एकरूप होतो, असं उपनिषद सांगतं. मग पूर्वपक्षी विचारतो: पाण्याच्या राशीत एक थेंब टाकला, तर नंतर तोच थेंब पुन्हा बाहेर काढता येईल का? नाही. तसंच झोपेत ब्रह्मात मिसळलेला जीव सकाळी तोच उठेल, याची खात्री कशी द्यायची? आक्षेप कडक आहे. सूत्रकार त्याला चार कारणांनी उत्तर देतात आणि आचार्य ती उलगडून सांगतात. पहिलं कर्म: काल अर्धवट सोडलेलं काम माणूस आज तिथूनच पुढे नेतो. दुसरं अनुस्मरण: मी अमुक पाहिलं होतं, तोच मी, हे त्याला आठवतं. तिसरं श्रुतीचं वचन. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की झोपेतून उठल्यावर वाघ वाघच होतो, सिंह सिंहच, डास डासच. चौथं विधी: झोपेनंतर दुसराच कुणी उठत असेल, तर शास्त्राने कर्म आणि उपासना सांगण्याला अर्थच राहणार नाही, नुसतं झोपल्याने मोक्ष मिळाला असता. आणि थेंबाचं काय? थेंबाला ओळखण्याची खूण नसते. जीवाला असते: त्याचं कर्म आणि त्याची अविद्या.

ही कसोटी हायबरनेट झालेल्या लॅपटॉपला लावून पाहावी. पहिल्या दोन कारणांत तो चोख उतरतो. अर्धवट काम तिथूनच पुढे जातं. आठवण तर माणसापेक्षा अचूक. एक अक्षरही इकडचं तिकडे होत नाही. हजारो लॅपटॉपच्या ढिगात हा एक ओळखायचा झाला, तर त्याची फाइल ही त्याची खूण. आणि तरीही वायफाय चालत नाही.

कारण या काळात दुसरीकडे कुणीतरी जागं होतं.

फळीवरचा राउटर झोपत नाही. आपल्याशी जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची एक नोंद तो सांभाळतो. उपकरण बराच वेळ गप्प राहिलं की ती नोंद पुसायची असते, नाहीतर गेलेल्यांच्या नोंदींनी यादी भरून जाईल. वायफाय राउटर चालवण्यासाठी जगभर वापरला जाणारा 'होस्टएपीडी' नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. त्यात ही मुदत मुळात 300 सेकंद ठेवलेली असते. मुदत भरली की राउटर लगेच नाव खोडत नाही. आधी तो एक रिकामा संदेश पाठवतो, ज्यात मजकूर काहीच नसतो. पलीकडून पोच आली म्हणजे उपकरण आहे. लॅपटॉप झोपला असेल तर पोच येत नाही. मग राउटर त्याला यादीतून काढतो आणि तसं कळवतोही. झोपलेल्याच्या कानावर ते पडत नाही.

झाकण उघडल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय घडतं ते पाहावं. ड्रायव्हर जर जुन्या नोंदीवरच विसंबून राहिला, तर लॅपटॉपच्या दृष्टीने मधली रात्र झालेलीच नाही. तो जोडणी आहे असं धरून माहितीचा एक तुकडा पाठवतो. राउटर त्याच्या यादीत पाहतो, नाव नाही. वायफायचं मानक 1997 पासून आहे आणि त्यात अशा प्रसंगांसाठी कारणांचे क्रमांक ठरवलेले आहेत. राउटर क्रमांक 7 पाठवतो, ज्याचा आशय असा: जो माझ्याशी जोडलेलाच नाही त्याच्याकडून हा मजकूर आला आहे. चांगला ड्रायव्हर हे ऐकतो, जुनी समजूत टाकून देतो आणि पहिल्यापासून ओळख मागतो. हे दोन-तीन सेकंदांत आटोपतं आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कच्चा ड्रायव्हर जुन्याच समजुतीवर अडून बसतो. तक्रार तिथे जन्मते.

ओळख मागणं म्हणजे नेमकं काय, हेही समजून घेण्याजोगं आहे. पासवर्ड हवेतून कधीच पाठवला जात नाही. घराघरांत वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूपीए-2 पद्धतीत पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव मिळून दोन्ही बाजूंकडे एकच मूळ किल्ली तयार होते. मग लॅपटॉप आणि राउटर प्रत्येकी एक नवी यादृच्छिक संख्या निवडतात, चार संदेशांची देवाणघेवाण होते आणि त्यातून फक्त या भेटीपुरती किल्ली बनते. पासवर्ड वर्षानुवर्षं तोच राहतो. भेटीची किल्ली मात्र प्रत्येक जोडणीला नवी घडवावी लागते, आणि ती घडवायला दोघं लागतात. कालची किल्ली लॅपटॉपच्या आठवणीत कितीही नीट जपलेली असली, तरी राउटरने ती टाकून दिली असेल तर तिने काहीही उघडत नाही.

पत्त्याचंही तसंच. नेटवर्कवरचा आयपी पत्ता लॅपटॉपच्या मालकीचा नसतो, तो मुदतीच्या भाड्याने मिळतो. 'डीएचसीपी' या नियमांनुसार मुदत निम्मी सरली की भाडेकरूने नूतनीकरण मागायचं, आणि मुदतीचे 87.5 टक्के सरले तरी उत्तर आलं नाही तर मिळेल त्या सर्व्हरकडे मागायचं. झोपलेला लॅपटॉप यातलं काहीच करू शकत नाही. जागं झाल्यावर त्याने विचारायचं असतं: माझा मागचा पत्ता मला पुन्हा मिळेल का? सर्व्हर होकार देतो किंवा नकार. न विचारता जुना पत्ता वापरत राहिलं, तर तो मधल्या काळात दुसऱ्याला दिला गेलेला असू शकतो.

आता छांदोग्याकडे पुन्हा वळावं लागतं, पण या वेळी आठव्या अध्यायाकडे. इंद्र आत्मज्ञानासाठी प्रजापतीकडे राहतो. प्रजापती त्याला एका टप्प्यावर सांगतो की स्वप्नही न पाहणारा, गाढ झोपेत शांत झालेला, तोच आत्मा. इंद्र समाधानी होऊन निघतो आणि देवांपाशी पोचण्याआधीच वाटेतून परत फिरतो. त्याची तक्रार दुहेरी आहे. झोपलेल्याला 'हा मी आहे' असं स्वतःचं ज्ञान नसतं, आणि या इतर भूतांचंही ज्ञान नसतं. तो जणू नाहीसाच झालेला असतो; यात मला काही चांगलं दिसत नाही, असं इंद्र म्हणतो. एकंदर 101 वर्षं राहिल्यावर त्याला पुढचा उपदेश मिळतो.

इंद्राच्या तक्रारीच्या पहिल्या अर्ध्या भागावर आपल्या परंपरेने डोंगराएवढं लिहिलं. झोपेत ज्ञान असतं की नसतं, यावर अद्वैती आणि नैयायिक यांचा मोठा वाद आहे. उठल्यावर माणूस म्हणतो की मी सुखाने झोपलो, मला काही कळलं नाही. अद्वैती सांगतात की ही आठवण आहे, म्हणून झोपेतही साक्षी होताच. नैयायिक सांगतात की हे नंतर केलेलं अनुमान आहे. पतंजलींनी तर निद्रेला चित्ताची एक वृत्तीच मानलं, आणि व्यासभाष्याने उठल्यावरच्या अनुभवावरून तिचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद केले. हे सगळं चिंतन थोर आहे. पण इंद्राच्या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग, इतर भूतांशी तुटलेला संबंध, त्या मानाने मागे राहिला.

ब्रह्मसूत्रातल्या चार कारणांकडे या नजरेने पाहिलं तर कर्म त्याचं, आठवण त्याची, आणि श्रुती व विधी त्याच्याविषयीच बोलतात. ज्यांच्याशी त्याचं नातं आहे, त्यांची साक्ष कुठे काढलेली नाही. आचार्यांवर हा दोष ठेवता येत नाही. त्यांच्यासमोरचा प्रश्न जीव तोच का, एवढाच होता आणि तो त्यांनी पूर्ण सोडवला. माणसाचं तोच असणं मात्र याहून मोठं आहे. तो स्वतःपुरता तोच असतो आणि इतरांच्या हिशोबातही तोच असावा लागतो. पहिल्याला आठवण पुरते. दुसऱ्याला इतरांची संमती लागते, आणि तो झोपला असताना ती संमती संपलेली असू शकते.

हे केवळ यंत्रापुरतं आहे असं वाटत असेल त्याने नोव्हेंबरात एखाद्या बँकेत डोकवावं. निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर उभ्या असलेल्या आजोबांना आपण जिवंत आहोत याबद्दल तिळमात्र शंका नसते. तरीही वर्षाला एकदा दुसऱ्या बाजूला ते नव्याने कळवावं लागतं, नाहीतर निवृत्तिवेतन थांबतं. 2014 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' नावाने हा दाखला संगणकावरून द्यायची सोय केली. तरी दाखला सुटला नाही. भारतीय पुरावा कायद्याचं 1872 सालचं 108 वं कलम सांगायचं की ज्यांना एखाद्याची खबर सहज मिळाली असती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. राउटरचे 300 सेकंद आणि कायद्याची सात वर्षं यांमागचा विचार एकच आहे: गप्प राहिलेल्याची जागा दुसऱ्या बाजूने किती काळ राखून ठेवायची, याला कुठेतरी मर्यादा हवी.

ही मर्यादा चुकीच्या माणसावर पडली तर काय होतं, हे उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातल्या लाल बिहारी यांनी भोगलं. जमिनीच्या सरकारी नोंदीत ते मृत ठरले. शरीर धडधाकट, आठवण शाबूत, गाव तेच. पण नोंद म्हणत होती की हा माणूस नाही. 1994 मध्ये नोंद दुरुस्त होईपर्यंत त्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला, नावापुढे 'मृतक' हा शब्द लावला आणि तसाच अन्याय झालेल्यांची संघटना उभी केली. मी तोच आहे, हे त्यांना स्वतःला पटवायचं नव्हतं. पलीकडच्याला पटवायचं होतं, आणि आठवणीचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

म्हणून लॅपटॉपवरचे उपाय पाहिले की त्यांच्यात एक क्रम दिसतो. प्रत्येक उपायात काहीतरी विसरायला लावलं जातं, आणि चांगला तंत्रज्ञ कमीत कमी विसरण्यापासून सुरुवात करतो.

पहिली पायरी वायफाय बंद करून पुन्हा सुरू करण्याची. एअरप्लेन मोड लावून काढला तरी तेच होतं. यात ड्रायव्हर जुनी जोडणी टाकतो आणि भेटीची नवी किल्ली मागतो. पासवर्ड शाबूत राहतो. 'कनेक्टेड' असूनही पान उघडत नसेल तर पत्ता तपासावा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमधून जुना पत्ता सोडून नवा मागता येतो.

नेटवर्कच दिसत नसतील तर गडबड नात्याच्या आधीची आहे. कार्ड स्वतःच उठलेलं नाही. बहुतेक वायफाय कार्डांना चालण्यासाठी लागणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कार्डात कायमचा नसतो. ड्रायव्हर तो दर वेळी डिस्कवरून कार्डात चढवतो. झोपेत कार्डाची वीज पूर्ण तोडली गेली तर ते कोरं होतं. ड्रायव्हरने उठताना फर्मवेअर पुन्हा चढवलं नाही, तर एकाच यंत्राच्या दोन भागांचा भूतकाळ वेगवेगळा होतो: ड्रायव्हरच्या आठवणीत कार्ड तयार आहे, आणि कार्डाला काहीच ठाऊक नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ते कार्ड 'डिसेबल' करून पुन्हा 'एनेबल' केलं की हा मेळ बसतो. लिनक्सवर कार्डाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवतात. हे वारंवार होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर जावं आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. काही नव्या यंत्रांत हा टॅब दिसत नाही. तिथे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेणं, किंवा त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करणं, हा मार्ग उरतो.

सगळ्यात शेवटी विंडोजमधला 'नेटवर्क रीसेट'. तो वायफायचे साठवलेले पासवर्डही पुसतो, म्हणजे मूळ ओळखच नव्याने द्यावी लागते. ऑफिसचं व्हीपीएन असेल तर तेही पुन्हा बसवावं लागू शकतं. घाईघाईत पहिल्यांदाच हा उपाय करणारे नाहक त्रास ओढवून घेतात. नातं तुटलं म्हणून ओळख पुसण्याची गरज नसते.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही प्रणालीचा गाभा हायबरनेट होतो. कार्यक्रम बंद होतात, पण ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. म्हणून लॅपटॉप रात्री बंद केला, सकाळी चालू केला, तरी दोष तसाच, असा अनुभव येतो. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर पहिल्यापासून सुरू करतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करता येतं.

अलीकडच्या यंत्रांनी दुसरी वाट धरली आहे. विंडोज 8 बरोबर 2012 मध्ये 'कनेक्टेड स्टँडबाय' आलं, आणि विंडोज 10 मध्ये त्याचं 'मॉडर्न स्टँडबाय' झालं. यात लॅपटॉप खऱ्या अर्थाने झोपतच नाही. तो 'एस 0' मध्येच, अगदी कमी विजेवर राहतो आणि वायफायशी नातं राखू शकतो. याची किंमत असते: बॅटरी उतरते, आणि कधी बॅगेतला लॅपटॉप तापलेलाही सापडतो.

नातं टिकवायचं तर कुणीतरी जागं राहायला हवं, हे पंढरपूरला फार पूर्वीपासून माहीत आहे. आषाढ शुद्ध एकादशी ही शयनी एकादशी. त्या दिवशी विष्णू झोपतो आणि कार्तिकीला जागा होतो, अशी श्रद्धा आहे. पण नेमक्या त्याच काळात पंढरपुरात विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग काढला जातो. यात्रा सुरू असते, दर्शनाची रांग रात्रंदिवस चालते आणि देव झोपत नाही. वारी आटोपली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, काढा दाखवतात आणि मग पलंग परत येतो. पंचांगाप्रमाणे देवाने झोपायचं आहे, पण वारकरी चालत आला आहे. भक्तीने या दोहोंत निवड केली आणि नात्याला वर ठेवलं. जागरणाचा शीण देवालाही येतो, हे मानायलाही ती लाजली नाही.

इथे यंत्राची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीच्या एकत्वावर एक प्रकरण घातलं आणि ते एकत्व जाणिवेवर, म्हणजे आपली कृत्यं आपली म्हणून आठवण्यावर उभं केलं. जागा सॉक्रेटिस आणि झोपलेला सॉक्रेटिस यांच्यात एकच जाणीव नसेल तर ती एक व्यक्ती नव्हे, इथपर्यंत तो गेला. 1785 मध्ये थॉमस रीड यांनी त्यातली अडचण दाखवली: म्हाताऱ्या सेनापतीला आपलं तरुणपण आठवतं, तरुण अधिकाऱ्याला बालपण आठवत होतं, पण सेनापतीला बालपण आठवत नाही, मग सेनापती आणि तो मुलगा एकच की वेगळे? लॅपटॉपमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे आठवणारा कुणीच नाही. झोपायची आणि उठायची वेळ तो नोंदवून ठेवतो, पण मी सुखाने झोपलो असं त्याला कधीच म्हणता येणार नाही. त्याला जीव म्हणणं ही शंकराचार्यांची आणि तंत्रज्ञांची दोघांचीही थट्टा ठरेल. यंत्र इथे उपयोगी पडतं ते एवढ्याचसाठी की माणसात एकमेकांत गुंतलेल्या दोन गोष्टी त्यात सुट्या करून पाहता येतात: आठवणीचं सातत्य आणि नात्याचं सातत्य. पहिलं पूर्ण असताना दुसरं तुटू शकतं, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

दीर्घ आजारातून उठलेला, वर्षांनी परदेशातून परतलेला, तुरुंगातून सुटलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला सगळं आठवत असतं. घरातल्यांची मधली वर्षं मात्र त्याच्याशिवाय गेलेली असतात; मुलांच्या सवयी बदललेल्या असतात, कामं दुसऱ्यांनी वाटून घेतलेली असतात. तो जुन्या हक्काने बोलू लागला की खटके उडतात. त्याची आठवण चुकीची नसते, शिळी झालेली असते. त्याने विचारावं लागतं आणि घरच्यांनी जागा द्यावी लागते. हा त्याच्या अस्तित्वाचा अपमान नाही, आणि परकेपणाही नाही.

तेव्हा निवाडा असा: झोपेतून जागा झालेला जीव तोच, हे शंकराचार्यांचं म्हणणं आजही टिकतं. पण माणसाविषयी बोलताना त्या चार कारणांशेजारी पाचवं ठेवलं पाहिजे, ते म्हणजे इतरांनी नव्याने दिलेली मान्यता. ज्यांना या प्रश्नात रस आहे त्यांनी छांदोग्याचा आठवा अध्याय पुन्हा उघडावा आणि इंद्राच्या तक्रारीतले इतर भूतांविषयीचे शब्द या वेळी घाईने ओलांडून पुढे जाऊ नये.